निळ्या पेन्सिलीची फणी

आमचे शेठ लोकसभेला उभे राहणार, ही बातमी खोका खात्यात सगळ्यांत आधी मला कळली, आणि मला त्याचा अभिमान वाटला. हे आधीच लिहून टाकते. पुढे मी स्वतःला फार शहाणी दाखवायला लागले, तर वाचणाऱ्याने मला इथवर परत आणावं.

कारखाना खोपोलीला, शिळफाट्याच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. त्यात औषधाच्या बाटल्यांची पुठ्ठ्याची खोकी बनत. छपाई आणि कापणीच्या मशीनवर पुरुष असत, ते सगळे कायम. दुमडायचं, चिकटवायचं आणि गठ्ठे बांधायचं काम बायकांकडे होतं. त्या साठेक जणी होत्या आणि सगळ्या टेंपररी. कुणी आठ वर्षं टेंपररी, कुणी बारा. मी मॅट्रिक झालेली, म्हणून त्यांच्यावर सुपरवायझर होते, आणि बायकांत कायम अशी मी एकटीच. वयाने मोठ्या बायकाही मला बाई म्हणत, आणि ते मला आवडायचं.

टेंपररी बाईला संध्याकाळी फाटकावर ‘उद्या येऊ नको’ म्हटलं की झालं, कारणबिरण कुणी द्यायचं नाही. कायम कामगाराला पगारी रजा होती, दवाखान्याचं कार्ड होतं, आणि छातीवर लावायला पितळी बिल्ला होता. बायकांना रजा आणि कार्डापेक्षा तो बिल्लाच जास्त खुणावायचा. माझी वहिनी याच खात्यात होती. माझा थोरला भाऊ गवंड्यांच्या टोळीबरोबर गावोगाव फिरायचा, घरी यायचा तेव्हा यायचा. दोन मुली आणि म्हातारा सासरा वहिनीच्या रोजावर आणि माझ्या पगारावर चालायचे. दाराच्या चौकटीत तिने एक खिळा ठोकून ठेवला होता. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली की बिल्ला मिळाला की पोरींच्या हाताला लागायला नको, वर टांगायला जागा हवी. बिल्ल्याचा पत्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

आता खुणांचं सांगायला हवं, कारण सगळं त्या खुणांवरच आलं. बहुतेक बायकांना लिहिता येत नव्हतं. गठ्ठा कुणाचा हे कळावं म्हणून प्रत्येकीने आपापली खूण ठरवली होती. गठ्ठा बांधला की वरच्या खोक्याच्या मागच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने ती खूण काढायची. एकीची मासोळी होती, एकीचा डोळा, एकीची चूल, एकीचं उंबराचं पान. वहिनीची फणी होती, एक आडवी रेघ आणि खाली पाच दात. पेन्सिलीचा तुकडा प्रत्येकीच्या अंबाड्यात खोचलेला असे, आणि घरी जातानाही तो तिथेच राही. खूण नसलेला गठ्ठा बेवारस समजला जाई आणि कुणाच्याच नावावर लागत नसे. नव्या बाईला मी पहिल्याच दिवशी सांगायची की खूण नाही ते काम झालंच नाही. कुठली खूण कुणाची, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

शेठ काही वाईट माणूस नव्हता. तसा असता तर लिहायला सोपं गेलं असतं. त्याने माळावर कारखाना काढला आणि शेकडो चुली पेटत्या ठेवल्या. कारखानदारांच्या मंडळाचा तो अध्यक्ष होता, पेपरात त्याचा फोटो यायचा. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की जो इतका मोठा कारखाना चालवतो त्याला देश चालवणं काय कठीण. कुठल्याही पक्षाने तिकीट दिलं नाही, तर गडी अपक्ष उभा राहिला. निशाणी मिळाली शिवणयंत्र. कर्जत-खालापूरच्या भिंतींवर शिवणयंत्रं उमटली. आमच्याकडे भातकापणी उरकून माणसं जरा मोकळी असतात, त्यामुळे सभांना गर्दी व्हायची. लोक यायचे, ऐकायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. शेठला वाटायचं की हा सगळा आपला माल, फक्त गठ्ठे बांधायचे राहिलेत.

फाटकावरच्या सभेत त्याने आमच्या खात्याकडे हात करून सांगितलं की मी दिल्लीला पोचलो की या बायकांतली एकही टेंपररी राहणार नाही. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलंच नाही. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. वहिनीने माझा हात धरला होता, तो सभा संपेपर्यंत सोडला नाही.

मग मला प्रचारावर घेतलं. जीपमधून फिरायचं, बायाबापड्यांशी बोलायचं. भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या क्वार्टरांपासून थेट घाटाखालच्या वाड्यांपर्यंत मी हिंडले. बौद्धवाड्यातली मुलगी शेठच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसते, हे वाड्यातल्या लोकांनी पाहावं म्हणून मी ड्रायव्हरला गाडी मुद्दाम आमच्या बाजूने घ्यायला लावायची. आबा, म्हणजे माझे वडील, ओटीवर बसलेले असत. ते मान वर करून बघत आणि पुन्हा दोरी वळायला लागत.

आबांचं मतदान हा एक सोहळाच असायचा. पहाटे आंघोळ, पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, आणि कुणाशी न बोलता शाळेपर्यंत चालत जायचं. घरी आल्यावर कुणाला दिलं, हे आईलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही. लहानपणी मी फार मागे लागले होते, तेव्हा मुस्काटात खाल्ली होती. त्या वर्षी वहिनी विचारायला गेली की आबा, मत कसं द्यायचं. तेव्हा ते म्हणाले, “मत म्हंजे तू आन् तो कागद. तिसऱ्याला ठाव पडता कामा नाय. शेठ आसू दे, न्हाय तर मी आसू दे.” हे मी चुलीपाशी बसून ऐकलं होतं, म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मतदानाच्या चारपाच दिवस आधी कारखान्याच्या लेबर ऑफिसरने मला बोलावलं. कँटीनमध्ये बायकांची तालीम घ्यायची होती, कागद कसा घ्यायचा, शिक्का कुठे मारायचा, घडी कशी घालायची याची. आमच्या बहुतेक बायका कारखान्याच्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या, सगळ्यांची नावं एकाच शाळेतल्या बूथवर होती. मी म्हटलं, मत गुप्त असतं तेही सांगते. तो कागद चाळत होता. वर न बघता म्हणाला की ते सोडून बाकी सगळं सांगा, उगाच डोक्यात घोळ नको. मी बरं म्हटलं. एवढंच बरं, ते म्हणायला मला क्षणभराचाही वेळ लागला नाही.

तालमीला शिक्का कुठला आणायचा, तर रवानगी खात्यातला ‘तपासले’ असा शिक्का होता तो आणला. म्हणजे रोजचं टेबल, रोजचा शिक्का, रोजचीच मी. बायकांनी एकेक करून शिवणयंत्रावर ‘तपासले’ उठवलं. मासोळीवाली मागून पुढे आली. अंगाने थोराड, बोलायला धीट बाई. तिने विचारलं, “बाई, आमी दिलं म्हून शेठला कसं कळंल?”

लेबर ऑफिसर हसला आणि म्हणाला की शेठना सगळं कळतं. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सांगायची ती वेळ होती. माझ्या जिभेवर आबांचं वाक्य आलंही होतं. पण तो माझ्याशेजारी उभा होता, बाहेर जीप उभी होती, आणि मी बोलले ते असं, “टेबलावर करता ना, तस्सं करायचं. रोजच्या कामासारखं. घाई नको, काम चोख पाहिजे.” मासोळीवालीने मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं.

मतदान शांतपणे पार पडलं. बायका नटूनथटून आल्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या. मी नियमाप्रमाणे लांब उभी होते. बाहेर येणारी प्रत्येक जण माझ्याकडे बघून हळूच मान डोलवायची, काम फत्ते म्हणून. एकीने अंबाड्यातली पेन्सिल चाचपून बघितली, तेही मी पाहिलं. तेव्हा काही लक्षात आलं नाही. पेन्सिलीला हात जाणं ही त्यांची सवयच होती, मला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

मतमोजणी अलिबागला होती. शेठने मला मोजणी प्रतिनिधी म्हणून नेलं. लाकडी फळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सरकारी माणसं. सकाळपासून पेट्या फुटत होत्या आणि शिवणयंत्राची चळत काही वाढत नव्हती. शेठ हॉलच्या कडेला उभा होता आणि दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होता. आमच्या शाळेची पेटी आली तेव्हा तो माझ्यामागे येऊन थांबला. ही पेटी त्याची घरची.

कारकुनाने एक मतपत्रिका उलगडली. शिवणयंत्रावर व्यवस्थित शिक्का होता. त्याने सवयीने ती उलटी करून पाहिली, आणि मागे निळ्या पेन्सिलीने काढलेली मासोळी होती. डोळ्याच्या जागी ठिपका होता, तो ती नेहमी देते तसा. पुढची उलगडली, मागे चूल. मग उंबराचं पान. मग डोळा. त्या बायकांनी रोजच्या कामासारखं काम केलं होतं. शेठला कळावं म्हणून, आणि बेवारस गठ्ठा कुणाच्या नावावर लागत नाही म्हणून.

समोरच्या उमेदवाराच्या वकिलाने हरकत घेतली. ज्यावरून मतदार ओळखता येईल अशी खूण असलेली मतं बाद धरावीत, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. अधिकारी थकलेला, वयस्कर गृहस्थ होता. त्याने चष्मा पुसला, मासोळी बघितली आणि म्हणाला की कुणी पोरकट चाळा केला असेल, यावरून कोण कसा ओळखू येणार. मला वाटतं, तो ती मतं धरायच्या विचारात होता.

तेवढ्यात मागून शेठ बोलला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट त्यात एक समाधान होतं, सकाळपासून पहिल्यांदाच. “ओळखता का येणार नाहीत साहेब? माझ्या खात्याच्या खुणा आहेत. या बाईंना विचारा, एकेकीचं नाव सांगतील.”

त्याला वाटलं, आपल्या मालावर आपली खूण आहे, हाच पुरावा. जन्मभर त्याने तेवढंच पाहिलं होतं. वकिलाने मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला. अधिकाऱ्याने मला विचारलं, नावं नकोत, फक्त एवढं सांगा की या खुणांवरून बाया ओळखता येतात का. मी नाही म्हणू शकले असते. पण शेठ मागे उभा होता, आणि त्याच्यासमोर नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी हो म्हटलं. सगळी निळी मतं एका बाजूला झाली, त्यांना दोरा बांधला आणि वर ‘बाद’ अशी चिठ्ठी लागली.

शेठ हरला. थोडाथोडका नाही, सपाटून. ती निळी मतं धरली असती तरी त्याला काही फरक पडला नसता, अनामतही वाचली नसती. हे मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्याने बरं वाटत नाही.

आठवड्याभराने लेबर ऑफिसरने मला पुन्हा बोलावलं. पुढ्यात खोका खात्याचं हजेरीचं पुस्तक उघडं होतं, प्रत्येक नावापुढे तिची खूण काढलेली. बसा म्हणाला, चहा मागवला. मोजणीला कोणकोणाच्या खुणा दिसल्या ते आठवून सांगा, शेठना यादी हवीय. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं की शेठ शब्दाचा पक्का निघाला, हरूनही बायकांना कायम करतोय. वेड्यासारखी मी आठवून आठवून सांगत गेले. मासोळी दिसली, चूल दिसली, डोळा दिसला. त्याने नावापुढे बारीक टिंबं दिली. एखादी राहू नये म्हणून मी डोळे मिटून ते टेबल आठवत होते.

“फणी?” त्याने विचारलं. वहिनीचं नाव आलं होतं.

फणी दिसली नव्हती. मतपत्रिका उलटत होत्या तेव्हा मी तीच शोधत होते, म्हणून मला खात्री होती. एक शब्द बोलायचा होता, दिसली. पण घरच्या माणसाला ओढते, असं कुणी म्हणायला नको, याची मला फार चाड होती. वहिनीच्या गठ्ठ्यांना तर मी परक्या बाईपेक्षा जास्त कडक होते, तसा माझा लौकिकच होता. मी म्हटलं, दिसली नाही, पण बिनखुणेची मतं पण शिवणयंत्राला पडली होती, त्यांतलं एक तिचं असणार. तो म्हणाला, असणार म्हणजे काय, आणि पान उलटलं.

त्या संध्याकाळी फाटकावर टिंब नसलेल्या सगळ्या जणींना ‘उद्या येऊ नको’ म्हणून सांगितलं. अठरा-एकोणीस जणी असतील. त्यांतल्या कुणी शेठला मत दिलं होतं आणि कुणी दुसऱ्याला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कधी कळणारही नव्हतं. ज्यांनी मत बरोबर दिलं त्याच गेल्या. ज्यांची मतं बाद झाली त्या राहिल्या, आणि त्याही टेंपररीच राहिल्या. दोनअडीच वर्षांत मशीन आलं आणि खोका खातंच बंद झालं. पितळी बिल्ला त्यांतल्या एकीलाही मिळाला नाही. माझा बिल्ला माझ्याकडे अजून आहे.

मी लेबर ऑफिसरकडे गेले, शेठकडे गेले. शेठने ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावलेपण होतं. म्हणाला की त्या बायकांनी खूण केली, जीव लावून केली, मग बाकीच्यांना करायला काय झालं होतं? मी म्हटलं, मत गुप्त असतं शेठ. तो म्हणाला, माझ्यापासून? मला त्याची कीव आली आणि स्वतःची किळस. पाय धरायचे राहिले होते, ते मी धरले नाहीत, आणि न धरण्यातही काही मोठेपणा नव्हता.

राजीनामा द्यावा असं मनात आलं होतं. दिला नाही. वहिनीचा रोज बंद झाल्यावर घर माझ्याच पगारावर आलं होतं, असं मी कारण देते. ते खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

वहिनीने आदळआपट केली नाही. ती दुसऱ्याच्या शेतावर जायला लागली, भाजीची पाटी घेऊन फाट्यावर बसायला लागली. राहिलेल्या बायकांनी मतावर खुणा काढल्या होत्या, हे तिला त्यांच्याकडूनच कळलं. खुणा काढल्या म्हणून त्या टिकल्या, एवढंच सगळ्या गावाला कळलं होतं. त्या खुणांनी मतं बाद झाली, हे अलिबागला होते त्यांनाच माहीत, आणि गावात त्यांतली मी एकटीच. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तालमीपासून सांगावं लागलं असतं.

एकदा वहिनी आणि मी तांदूळ निवडत बसलो होतो. आबा ओटीवर होते, मधे फक्त कुडाची भिंत. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी शेठलाच दिलं हुतं, वन्सं. तुमी नुसतं म्हनाला आसता, तर मी बी फणी काढली आसती. आबांनी सांगितलं म्हून नाय काढली.” बाहेर आबांचा दोरी वळण्याचा आवाज थांबला. आबा, तुम्हीच बरोबर होता, हे भिंतीपलीकडे जाऊन मी म्हणायला हवं होतं. मी खडे वेचत राहिले.

पुढची निवडणूक आली तेव्हा आबा गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. त्याच सकाळी कुंपणाची काठी रोवताना मी त्यांना पाहिलं होतं. पांढरा सदरा ट्रंकेतच राहिला. मी आणि वहिनी शाळेत गेलो. या खेपेला कुणी शेठ नव्हता, कुणी कायम करणार नव्हतं, ओळखीचा उमेदवारही नव्हता. माझं आधी झालं आणि मी पिंपळाखाली थांबले.

वहिनी बाहेर आली ती पदर नीट करत. अंबाड्यात निळ्या पेन्सिलीचा तुकडा होता. इतकी वर्षं तिने तो कुठे जपून ठेवला होता कोण जाणे. जवळ येऊन ती हळू आवाजात म्हणाली, “ह्या बारीला फणी काढून आले. मागल्या अंगाला, पाची दात काढले. आता कुनी म्हनायचा नाय का हिनं दिलंच नाय म्हून.”

तिच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी समाधान होतं. मी म्हटलं, बरं केलंत. मग आम्ही दोघी घरी आलो आणि तिने चहा टाकला.